सिटी ग्रुप गेला. मुंबई सिटीचं पुढे काय, आणि ते कुठल्या कागदात दिसेल?

कॉर्नरफ्लॅग (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५च्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटीची मालक कंपनी) मुंबई सिटी या इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) फुटबॉल क्लबातला आपला हिस्सा सोडला. नोव्हेंबर २०१९मध्ये त्यांनी ६५ टक्के घेतले होते, उरलेले ३५ टक्के रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे होते. आता पूर्ण क्लब पुन्हा मूळ मालकांकडे. या सहा वर्षांत दोन लीग शिल्ड (साखळीत अव्वल; २०२०-२१, २०२२-२३) आणि दोन आयएसएल कप (बादफेरीचा विजेता; २०२०-२१, २०२३-२४) आले, हे विसरू नये.

त्या दिवसापासून दोनच सूर ऐकू येताहेत. एक, ‘संपलं सगळं’. दुसरा, ‘१४ फेब्रुवारी २०२६ला लीग सुरू होतेय ना, मग कशाला बोंब?’ दोघांनीही कागद उघडलेला नाही.

जाण्याचं कारण फक्त मुंबईतलं नाही. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि आयएसएल चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यातला २०१०चा करार ८ डिसेंबर २०२५ला संपला. जुलैमध्येच एफएसडीएलने हंगाम थांबवला, ऑगस्टमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईन या क्लबांनी पगार रोखल्याचं जाहीर केलं, नोव्हेंबरात फेडरेशनच्या निविदेला एकही बोली आली नाही. घरातला मालक बदलतोय आणि इमारतीचा मालक कोण ते ठरलेलं नाही, अशी ही गत आहे.

धाग्यात रडारड नको. काय तपासायचं, कुठे आणि कधी, एवढंच लिहा.

बालेवाडी_ईस्टस्टँड

पुण्याची यादी देऊन ठेवतो, म्हणजे मुंबईकरांना ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणायचा मोह होणार नाही.

पुणे एफसी: २००७मध्ये अशोक पिरामल समूहाने काढला, २०१२-१३च्या आय-लीगमध्ये (आयएसएलआधीची देशातली वरची लीग) दुसरा, तरीही बंद. भारत एफसी: कल्याणी समूह, एकच हंगाम. डीएसके शिवाजीयन्स: आय-लीगचे दोन हंगाम. एफसी पुणे सिटी: २०१४ ते २०१९, त्यात एकदा उपांत्य फेरी.

यातला एकही क्लब मैदानावर हरून बंद पडलेला नाही. पुणे सिटी ऑगस्ट २०१९मध्ये गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादने मार्च २०२२मध्ये कप जिंकला, २०२३-२४मध्ये पगार थकून तळाला गेला, २०२४मध्ये नवा मालक आला आणि २०२५मध्ये तोच क्लब स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. एक जागा, सहा वर्षांत तीन शहरं. पुणे सिटीचा शर्ट कपाटात असेल तर तो आता वस्तुसंग्रहालयात शोभेल.

मुद्दा असा की आपल्याकडे विकाऊ वस्तू क्लब नसतो, लीगमध्ये खेळण्याचा हक्क असतो. नाव, रंग, शहर ही त्याच्यावरची वेष्टणं.

कॉर्नरफ्लॅग

अगदी. मैदानही क्लबचं नाही. अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल महापालिकेचं, बालेवाडी राज्य सरकारचं. २०२३च्या आशियाई चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने क्लबला बालेवाडीत आणि अल-हिलालविरुद्धचा डी. वाय. पाटीलला न्यावा लागला, यावरूनच कळा.

यॉर्कशायरकर

याची दुसरी बाजूही आहे. मैदान आपलं नसलं की मालकाला ते विकताही येत नाही. इंग्लंडच्या शेफील्ड वेन्सडे क्लबचे मालक चानसिरी यांनी हिल्सबरो हे मैदान स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे ६ कोटी पौंडांना विकून ताळेबंद गोड केला होता. डर्बी क्लबचे मालक मेल मॉरिस यांनी प्राइड पार्क मैदान ८.११ कोटी पौंडांना असंच फिरवलं. दोन्ही क्लब पुढे ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (देणी फेडता येईनात म्हणून क्लब प्रशासकाच्या हाती) गेले, डर्बी सप्टेंबर २०२१मध्ये आणि वेन्सडे २४ ऑक्टोबर २०२५ला.

वेन्सडेचा क्रम पाहून ठेवा, कारण क्लब बुडतो तो बहुधा याच क्रमाने. आधी पगार दोन-चार दिवस उशिरा. मग एकाच वर्षात अनेकदा उशिरा. मग लीगकडून खेळाडू घेण्यावर बंदी. मग चांगले खेळाडू सहमतीच्या नावाखाली फुकट बाहेर, मॅनेजर बाहेर. स्टेडियमच्या नॉर्थ स्टँडला सुरक्षेचं प्रमाणपत्र नाही. शेवटी करखात्याचं देणं. ते सुमारे १० लाख पौंडच होतं, पण तेवढंच पुरलं. ॲडमिनिस्ट्रेशनमुळे लीगमधले १२ गुण गेले, डिसेंबरात पगार थकवल्याचे आणखी ६.

कुर्ला_टू_अंधेरी

तिथे लोकांनी मिडल्सब्रोच्या मॅचवर बहिष्कार टाकला आणि दोन दिवसांत मालक गेला. आपण पण टाकू या की. स्टँड रिकामा दिसला की कळेल साहेबांना.

ताळेबंद

कुणाला कळेल? गणित मांडू.

अंधेरीत ७,००० खुर्च्या भरल्या असं धरा (रोज भरत नाहीत), सरासरी तिकीट ३०० रुपये धरा (हेही उदारपणे). नेहमीच्या हंगामात घरचे १२ सामने: ७,००० × ३०० × १२ = २ कोटी ५२ लाख. यंदा (२०२५-२६) १४ संघ, एकेरी फेरी, एकूण ९१ सामने. म्हणजे प्रत्येकाला १३ सामने, घरचे फार तर ७: १ कोटी ४७ लाख.

आता खर्च. लीगची पगारमर्यादाच काही हंगाम १६.५ कोटी होती. जुन्या व्यवस्थेत फ्रँचायझी फी वेगळी, तीही दोन आकडी कोटींत. प्रवास, हॉटेल, अकादमी, मैदानाचं भाडं, रुग्णवाहिका, पोलीस बंदोबस्त हे त्याच्या वर. तिकिटांतून दहावा हिस्सा निघाला तरी खूप. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इंग्लंडमध्ये सीझन तिकीट म्हणजे क्लबचा उन्हाळ्यातला रोकड पुरवठा असतो, म्हणून तिथे बहिष्कार झोंबतो. इथे रिकाम्या स्टँडने मालकाचं नुकसान होत नाही, उलट त्याला ‘बघा, बाजारच नाही’ म्हणायला फोटो मिळतो.

बालेवाडी_ईस्टस्टँड

फोटोचा मुद्दा शंभर टक्के.

फातोर्डा_नॉर्थ

गोव्याचं उदाहरण जरा वेगळं आहे म्हणून लिहितो. २०१६मध्ये आयएसएलला वरचा दर्जा देण्याचा आराखडा आला, तेव्हा साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली, पाठोपाठ धेंपोनेही. तेव्हा सगळे म्हणाले, गोव्याचं फुटबॉल मेलं. पण हे क्लब राज्य लीगमध्ये खेळत राहिले आणि धेंपो २०२४-२५ला आय-लीगमध्ये परतलासुद्धा. मोठी लीग सुटली तरी खाली उभं राहायला जागा होती. एका घराण्याचा किंवा कंपनीचा पैसा असला तरी क्लब फ्रँचायझी हक्कावर जन्मलेला नव्हता.

मुंबईत महिंद्रा युनायटेडचं उलट झालं. २००५-०६चा राष्ट्रीय विजेता, आणि २००९-१० संपल्यावर कंपनीने ठरवलं की संघ नको. विषय संपला. तेव्हा मालक जुना की नवा, देशी की विदेशी, यापेक्षा मालकाने हात वर केले तर क्लबला खाली उभं राहायला जागा आहे का, ते बघा.

ताळेबंद

आता कागद. सविस्तर लिहितो, वाचनखूण करून ठेवा.

कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनीची मूळ माहिती फुकट दिसते: नोंदणी क्रमांक, संचालकांची नावं, भागभांडवल, तारण-कर्जांची नोंद, शेवटच्या वार्षिक सभेची तारीख. आतले कागद बघायला एका कंपनीचे १०० रुपये भरावे लागतात. मग ठरावीक वेळ खिडकी उघडते, त्यातच डाउनलोड उरकायचं. आधी यादी करून बसा, नाहीतर वेळ शोधण्यात जातो.

डीआयआर-१२: संचालक आला-गेला की ३० दिवसांत. सिटी ग्रुपचे संचालक उतरले का आणि त्यांच्या जागी कोण बसलं, ते साधारण जानेवारी २०२६अखेर यात दिसायला हवं. नवा संचालक आणखी कुठल्या कंपन्यांत आहे तेही पाहा. पैसा कुठून येणार याचा अंदाज तिथे लागतो.

शेअर हस्तांतर मात्र लगेच दिसत नाही, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. जुने शेअर एका हातातून दुसऱ्या हातात गेले की मंत्रालयाकडे वेगळा फॉर्म नाही. ते एमजीटी-७ या वार्षिक विवरणात येतं, वार्षिक सभेनंतर ६० दिवसांत. सभा ३० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे हा कागद नोव्हेंबर २०२६ला. विदेशी विक्रेता असल्यामुळे रिझर्व्ह बँकेकडे एफसी-टीआरएस हा हस्तांतराचा फॉर्म जातो, पण तो जनतेला दिसत नाही.

नवे शेअर काढले तर पीएएस-३ येतो, तोही काही आठवड्यांतच. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा कागद हाच. हस्तांतरात पैसा जुन्या मालकाच्या खिशात जातो, नव्या शेअरांत क्लबच्या खात्यात. नवा मालक आला आणि सहा महिन्यांत एकही पीएएस-३ नाही, कर्जाचीही नोंद नाही, तर पगार कशातून होतोय हा प्रश्न विचारायलाच हवा.

सीएचजी-१ म्हणजे तारण. बँकेकडे किंवा वित्तकंपनीकडे काय गहाण टाकलं ते यात येतं. क्लबकडे जमीन नाही, त्यामुळे तारण बहुधा येणी असतं: प्रायोजकांचे आणि लीगकडून येणारे पैसे. पुढच्या हंगामाचे पैसे या हंगामात उचलले, असा त्याचा साधा अर्थ.

एओसी-४ म्हणजे ताळेबंद. येईपर्यंत सहा-सात महिने शिळा झालेला असतो, तरी वाचा. आकड्यांपेक्षा ऑडिटरचा अहवाल आधी. त्याला जोडलेल्या कारो (ऑडिटरने ठरावीक मुद्द्यांवर द्यायची उत्तरं) परिशिष्टात तीन कलमं शोधा: सातवं (पीएफ, टीडीएस, जीएसटी वेळेवर भरले का), सतरावं (रोख तोटा किती) आणि एकोणिसावं (वर्षभरातली देणी फेडता येतील याबद्दल ऑडिटरला शंका आहे का). तोट्याला घाबरू नका, जवळजवळ सगळे क्लब तोट्यातच असतात. ‘प्रवर्तकांनी आर्थिक पाठबळाचं पत्र दिलं आहे’ हे वाक्य आहे का आणि ते पत्र कुणाचं, ते बघा. गेल्या वर्षीचं पत्र जाणाऱ्या मालकाचं असेल तर ते आता रद्दीत.

ऑडिटरने मध्येच राजीनामा दिला तर एडीटी-३ दिसतो. तो दिसला की समजा, पाणी कुठेतरी मुरतंय.

कुर्ला_टू_अंधेरी

एवढं वाचून प्रश्न पडला. सिटीवाल्यांनी सहा वर्षं घातलेला पैसा कर्ज म्हणून होता की काय? तो आता परत मागतील का?

ताळेबंद

चांगला प्रश्न. विदेशी मालकाला भारतीय कंपनीत चालू खर्चासाठी कर्ज घालणं किचकट असतं. ते बाह्य व्यावसायिक कर्जाच्या नियमांत येतं, किमान मुदत वगैरे अटी लागतात. म्हणून असा पैसा बहुधा शेअर, प्रीमियम किंवा सक्तीने शेअरांत बदलणाऱ्या रोख्यांतून येतो. तो ‘परत मागता’ येत नाही, शेअर विकूनच निघायचं. विदेशी विक्रेत्याकडून भारतीय खरेदीदार घेतो तेव्हा रास्त किमतीची मर्यादा वरून असते, खालून नसते. त्यामुळे नाममात्र भावात व्यवहार होऊ शकतो. सिटीचा पैसा कर्ज म्हणून आला होता की शेअर म्हणून, ते ताळेबंदातल्या ‘संबंधित पक्षांचे व्यवहार’ या टिपेत दिसेल.

यॉर्कशायरकर

नाममात्र भावावरून: इंग्लंडचा बरी एफसी डिसेंबर २०१८मध्ये १ पौंडाला विकला गेला. २७ ऑगस्ट २०१९ला लीगने हाकलला. १८८५चा क्लब, दोनदा एफए कपचा विजेता. १ पौंड ही किंमत नसते, ती देण्यांची पावती असते.

सेकंड_बॉल

कागद शिळे असतात, खेळाडूंची बाजू ताजी असते. तीन गोष्टी.

पहिली, फिफाच्या नोंदणी-बंदीची यादी त्यांच्या संकेतस्थळावर जाहीर असते, क्लबच्या नावासकट. फिफाच्या निवाड्यानंतर ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत की बंदी लागते, ती जास्तीत जास्त तीन खिडक्या (खेळाडू नोंदवायचे कालावधी). हैदराबादचं दुखणंही आधी असंच बाहेर आलं होतं. दर महिन्याला एकदा बघायला दोन मिनिटं लागतात.

दुसरी, फिफाच्या नियमांत कलम १४-बिस आहे. किमान दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू लेखी नोटीस देतो, १५ दिवसांत पूर्ण रक्कम आली नाही तर करार योग्य कारणाने मोडता येतो. म्हणून थकबाकी दोन महिन्यांच्या उंबरठ्यावर आली की काही क्लब एका महिन्याचा पगार टाकतात आणि घड्याळ मागे फिरवतात. ‘पगार झाला’ अशी बातमी आली तर विचारा, कुठल्या महिन्याचा?

तिसरी, विदेशी खेळाडू फिफाच्या न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. भारतीय खेळाडू भारतीय क्लबविरुद्ध फेडरेशनच्या खेळाडू दर्जा समितीकडे जातो. म्हणून विदेशी लोक आधी जाताना दिसतात. यात निष्ठेचा संबंध नाही, त्यांच्या हातात धारदार हत्यार आहे एवढंच.

अवांतर: टीडीएस कापला पण भरला नाही हे खेळाडूला त्याच्या २६-एएस या कर-पत्रकात दिसतं, आपल्याला नाही. ड्रेसिंग रूममधली कुजबुज बऱ्याचदा तिथून सुरू होते.

डावा_इनस्विंगर

आपणच पैसे गोळा करून थोडे शेअर घेतले तर? इंग्लंडच्या पोर्टस्मथ क्लबच्या पाठीराख्यांनी २०१३मध्ये १,००० पौंडांचा एक शेअर करून क्लब घेतलाच होता. वेस्ट कोस्ट ब्रिगेडने (मुंबई सिटीच्या पाठीराख्यांचा गट) आवाज दिला तर दोन-तीन हजार लोक सहज येतील.

ताळेबंद

दोन-तीन हजार लोक थेट भागधारक होऊ शकत नाहीत. प्रायव्हेट लिमिटेडला सदस्यमर्यादा २०० आहे, आणि वर्षात २००हून अधिक लोकांना शेअर देऊ केले तर ती सार्वजनिक विक्री धरली जाते, म्हणजे सेबी. यूपीआय क्यूआर फिरवून ‘क्लब वाचवा निधी’ गोळा करणाऱ्याने आधी वकील गाठावा.

वाट आहे ती अशी. किमान ७ जणांची संस्था, १८६०च्या कायद्याखाली नोंदणी, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही. किंवा कलम ८ची (नफा न वाटणारी) कंपनी. ती संस्था एकच भागधारक म्हणून उभी राहते. तिने नफा मागायचा नाही, कंपनीच्या नियमावलीत एक कलम मागायचं: नाव, रंग आणि शहर बदलायला या भागधारकाची संमती हवी. एक टक्काही पुरे. मालक नव्या पैशाच्या शोधात असतो तेव्हाच असं कलम मिळतं. पैसा मिळाल्यावर मागितलं तर वरातीमागून घोडं.

बालेवाडी_ईस्टस्टँड

पुण्याकडे हे कलम असतं तर हैदराबादला जागा मिळाली असती, पुणे मात्र कुठेतरी खालच्या लीगमध्ये राहिलं असतं. तेवढंही चाललं असतं.

फातोर्डा_नॉर्थ

हेच तर म्हणत होतो मी.

कुर्ला_टू_अंधेरी

आणि सीझन तिकिटाचे पैसे? सामनेच १२चे ६-७ झाले तर?

सेकंड_बॉल

तिकिटावरच्या अटी वाचा, ‘वेळापत्रक बदलू शकतं’ असं असणारच. पण वेळापत्रक बदलणं आणि सामने निम्मे होणं यात फरक आहे. आधी लेखी ईमेल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा आयोग, ई-जागृती पोर्टलवरून. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. क्लब दिवाळखोरीत गेला तर मात्र तुम्ही विनातारण धनकोंच्या रांगेत, म्हणजे शेवटून पहिले. म्हणून शंका असताना सीझन पास घेऊ नका, सामन्यागणिक तिकीट काढा. स्टँडही भरेल आणि पैसेही अडकणार नाहीत.

ताळेबंद

दिवाळखोरीचा उल्लेख आला म्हणून: पुरवठादाराला एनसीएलटीत (कंपन्यांची दिवाळखोरी चालवणारं न्यायाधिकरण) जायला थकबाकी किमान १ कोटी लागते, त्याआधी १० दिवसांची मागणी-नोटीस. हॉटेलवाला किंवा बसवाला एकटा तिथवर क्वचित पोचतो. त्यामुळे आपल्याकडे क्लब कोर्टात मरत नाहीत. ते ऑगस्टमध्ये, नोंदणीच्या तारखेला, न सांगता मरतात.

डावा_इनस्विंगर

१०० रुपये भरायला तयार आहे, पण कंपनीचं नेमकं नाव कसं शोधायचं? क्लबच्या नावाने शोधलं तर चार-पाच नावं येतात.

ताळेबंद

क्लबच्या दुकानातून काही घेतलं असेल तर बिल काढा. तळाशी १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे २७ म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, त्यातलं चौथं ‘सी’ असेल तर कंपनी. तो क्रमांक जीएसटी पोर्टलच्या ‘करदाता शोधा’मध्ये टाका, कायदेशीर नाव येईल. तेच एमसीएवर वापरा. बिल तिकीट विकणाऱ्या ॲपचं असेल तर क्रमांक त्या ॲपचा असतो, ही चूक हमखास होते. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नसतो, त्यामुळे तिकिटापेक्षा जर्सीचं बिल बरं.

आणि तिथे आहातच तर खाली ‘फाइलिंग टेबल’चं बटण दाबा. फुकट आहे. कुठल्या महिन्याचं ३-बी हे जीएसटीचं विवरण कुठल्या तारखेला भरलं ते ओळीने दिसतं. मासिक भरणाऱ्यांची मुदत पुढच्या महिन्याची २० तारीख. एखाद्या महिन्याला दोन दिवस उशीर झाला तर अकाउंटंट गावाला गेला असेल. सलग तीन महिने उशीर होऊन मग दोन महिन्यांचं एकाच दिवशी भरलेलं दिसलं, तर रोकड नाही.

कुर्ला_टू_अंधेरी

जर्सीचं बिल सापडलं. २७ने सुरू होतंय, पॅनचं चौथं अक्षर ‘सी’. पुढचं २१ला बघून टाकतो.

ताळेबंद

२२ला बघा. २०ला सगळा देश भरत असतो, पोर्टल लटकतं.